उठबस गोंदवाले झंझाडकाकाजी

आमच्या लाखनीत झंझाडकाकाजींच्या उजव्या अंगठ्याचं नख सगळ्यांना ओळखीचं आहे. बाकीची नखं ते मुळापासून कापतात. हे एक मात्र वाढवून, घासून, टोकाला जरा तिरपं करून ठेवलेलं असतं. ह्या नखाला काम एकच. जगात जिथं काही चिकटवलेलं दिसेल तिथं ते घालायचं आणि उचकटायचं. सफरचंदावरचा स्टिकर, विजेच्या खांबावरची मूळव्याधीची जाहिरात, लोकांच्या आरशांवरच्या टिकल्या, काही म्हणता काही सुटत नाही. कोणाकडे जेवायला गेले आणि ताट नवं निघालं, तर त्याच्या बुडाचा कागद सोलून झाल्याशिवाय वाढून घेत नाहीत.

आणि माझं आहे स्टेशनरीचं दुकान. म्हणजे माझे काय हाल होत असतील ते तुम्हीच समजा. हा माणूस सकाळी येतो, कंपासपेटी उचलतो, बोलता बोलता तिच्यावरचा किमतीचा स्टिकर सोलतो आणि माझ्या काउंटरच्या काचेवर लावून ठेवतो. मग पेन. मग डिंकाची बाटली. थोड्या वेळानं सगळ्या किमती काचेवर आणि सगळा माल बेवारस. एकदा मी भडकलेच.

“काकाजी, हात नोका लावू म्हटलं न! आता कोणती पेटी कितीची ते गिऱ्हाइकाले तुमी सांगान काय?”

“काहून वो बाई? कंपनीनं छापलेली किंमत खाली दिसून राहिली न. तिच्यावर तू आपला कागद कायले चिकटवते?”

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते भर दुकानात देण्यासारखं नव्हतं. मी दात-ओठ खात काचेवरचे स्टिकर काढून पुन्हा पेट्यांवर लावायला लागले.

त्यांचं ठरलेलं वाक्य एकच. “चिकटवाले कोणीबी चिकटवते. काढून दाखवा!” हे वाक्य ते निवडणुकीची पत्रकं लावणाऱ्यांना ऐकवतात, रंगाऱ्याला ऐकवतात, गाडीला रेडियम लावणाऱ्याला ऐकवतात. एका लग्नात त्यांनी ते नवरदेवाच्या बापाला ऐकवलं. तो बिचारा अजून अर्थ लावत असेल. जवाहरनगरच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं आणि माझ्या दुकानामागच्या घरात राहायला आले. येताना सामान थोडं होतं आणि राग ट्रकभर होता. दूधवाल्यावर राग, नळावर राग, हायवेच्या उड्डाणपुलावर राग. सकाळी कोंबडा उशिरा आरवला तर त्याच्यावरसुद्धा.

अशा माणसाला ह्या जगात एकच चिकट वस्तू मान्य आहे. तिला ते ‘उठबस गोंद’ म्हणतात. हौशी लोक कागदकामाला वापरतात तो, पेनासारख्या बाटलीतला निळा गोंद. मला तो त्यांच्या एकट्यासाठी नागपूरहून मागवावा लागतो. लावला की आधी निळा दिसतो. तेव्हा घाईनं वस्तू टेकवली तर ती कायमची बसते. पण हात आवरून थांबलं, निळा रंग जाऊन तो पारदर्शक झाला, की टिकलीच्या पाठीसारखा होतो. लावा, उचला, दुसरीकडे लावा. काम संपलं की बोटानं चोळा, मळासारखा गोळा होऊन निघून येतो. खाली डाग नाही, ओरखडा नाही.

“माणसाची चूक पोटात घालते हा गोंद,” ते म्हणतात. “तुह्या बाकीच्या बाटल्या नालीत फेक.”

हा माणूस, जो बसला सिग्नल लागला तरी ड्रायव्हरशी भांडतो, तो गोंद वाळेपर्यंत गुडघ्यावर हात ठेवून चूप बसतो. त्यांचं तोंड बंद असलेलं मी तेवढंच पाहिलं आहे. एका वर्षी माल आला नाही म्हणून मी साधा पांढरा गोंद दिला. “दोन्ही सारखेच असतेत,” एवढंच म्हटलं मी. त्यांनी ती बाटली हायवेच्या कडेला उभं राहून हवेत नाचवली आणि मी लोकांची घरं कशी बुडवते ते येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकवाल्यांना सांगितलं. पंजाबकडचा एक ड्रायव्हर उतरून मला समजवायला आला होता.

ही एवढी आग कशासाठी, तर एका लाकडी बैलासाठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. पोट्टे चाकं लावलेले लाकडी नंदी सजवून, दोरीनं ओढत मैदानात आणतात, सजावटीची बक्षिसं लागतात. काकाजींचा नंदी सागवानाचा आहे, आंधळगावच्या सुतारानं घडवलेला. तो त्यांनी मुलीसाठी, वंदनासाठी करून घेतला होता. वंदनाची आई ती लहान असतानाच गेली, तिला वाढवलं ह्यांनीच. पहिलीत असताना तिनं बापाच्या नकळत नंदीला ऑइलपेंटनं डोळे काढले. उजवा डोळा जुन्या रुपयाएवढा, डावा चण्याच्या डाळीएवढा. नंदी कायम कोणाकडे तरी संशयानं बघत असल्यासारखा वाटतो. त्या दिवशी काकाजींनी पोरीला घर डोक्यावर घेऊन झापलं म्हणे. पण त्यानंतर त्या डोळ्यांना त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. मी एकदा हौसेनं दोन चकचकीत प्लास्टिकचे डोळे फुकट देऊ केले तर दोन महिने माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत. माझी मजा झाली ते दोन महिने.

पोळा जवळ आला की त्यांच्या ओसरीवर बेगड, मणी, आरसे, मखमली कागदाची झूल असा पसारा पडतो. सगळं उठबस गोंदानं लावायचं. लावायचं, मागं सरून बघायचं, स्वतःलाच शिव्या घालायच्या, काढायचं, बोटभर सरकवून पुन्हा लावायचं. आणि तान्हा पोळा संपला की एकेक मणी उतरवून बिस्किटाच्या डब्यात. नंदी पुन्हा होता तसाच, सागवानाचा, दोन डोळ्यांचा.

आणि ह्या नंदीची दोरी कोण ओढतं? ते स्वतः. धोतर नेसलेल्या, फेटे बांधलेल्या, नाक पुसणाऱ्या पोरांच्या रांगेत हा सत्तरीचा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहतो. नाव सांगतो, “वंदना झंझाड.” आयोजक दरवर्षी डोक्याला हात लावतात. “काकाजी, स्पर्धा बारा वर्षांच्या आतल्या मुलांची हाये.” त्यावर ह्यांचं, “वयाची अट पोट्ट्याले हाये का नंदीले? नंदी तिचाच हाये. तिले येता नाही आलं, म्हणून मी आलो.”

तिला येता का आलं नाही, ते सगळ्या लाखनीला माहीत आहे. वंदनानं आपल्या पसंतीनं लग्न केलं. मुलगा चांगला, नोकरीवाला, पण जातीबाहेरचा. काकाजी तेव्हा उंबऱ्यावर उभं राहून बोलले, “ह्या घरात पुन्हा पाय नोको ठेवजो.” पोरगी त्यांचीच. रागात सवाशेर. तिनं पाय ठेवला नाही. ती नागपूरला असते. नागपूर म्हणजे काही अमेरिका नाही, सकाळी बसलं तर माणूस जेवायच्या आत पोचतो. पण दोघांपैकी एक जण तिकीट काढेल तर शपथ! इथं असताना ती माझ्या दुकानात येऊन बसायची, म्हणून अधूनमधून मला फोन करते, इकडचं तिकडचं बोलते आणि ठेवताना विचारते, “नंदी सजवला का?” आणि इथं हे म्हातारं दुसऱ्या लोकांच्या आरशावरच्या टिकल्या उचकटत फिरतं. मला दोघांच्याही कानाखाली आवाज काढावासा वाटतो. खरंच वाटतो.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला बक्षिसं द्यायला एक भावी होते. भावी म्हणजे पुढच्या निवडणुकीत उभे राहणारे. सध्या त्यांना तेवढंच पद आहे. त्यांच्या माणसांनी मैदानात येणाऱ्या प्रत्येक नंदीच्या कपाळावर एकेक गोल स्टिकर थापायला सुरुवात केली. सोनेरी काठ, मध्ये भावींचा हात जोडलेला फोटो. काकाजी मागे वाकून शेपटीचा मणी नीट करत होते. पुढून एकानं स्टिकर ठोकला, तळहातानं दाबला आणि पुढच्या नंदीकडे गेला. काकाजी वर उठले तेव्हा नंदीच्या उजव्या डोळ्यावर हात जोडलेले भावी होते.

मी कडेला फुग्यांचं दुकान मांडून बसले होते, तिथपर्यंत आवाज आला. “कोण्या गाढवानं लावलं हे? माह्या नंदीच्या डोऱ्यावर?” माइकवाला थांबला. काही पोट्टे भेदरून रडायला लागले. काकाजींनी खोबरेल तेल मागितलं, कापूस मागितला. “कोणी हात नोका लावू. तेल सोडीन, मुरू देईन, मंग काढीन.” तेवढ्यात गर्दी बघून भावी स्वतः आले, मागे मोबाइलवर शूटिंग करणारा. त्यांना बघून काकाजींचा तोल गेला. बोट नाचवत ते गरजले, “चिकटवाले कोणीबी चिकटवते! काढून दाखवा!”

आता हे वाक्य आम्ही इतकी वर्षं ऐकतोय. त्यावर कोणी काही करायचं नसतं, मान खाली घालून निघून जायचं असतं. पण भावींना ते कोणी सांगितलं नव्हतं. “अरे काकाजी, एवढंच न?” असं म्हणत, कॅमेऱ्याकडे हसून, त्यांनी स्टिकरचा काठ धरला आणि फर्रकन ओढला.

डोळा स्टिकरबरोबर निघून आला. नंदीच्या कपाळाखाली उघडं सागवान तेवढं राहिलं.

मी काकाजींकडे बघितलं. आता मैदान पेटणार असं वाटलं. पण भावींच्या हातातून त्यांनी स्टिकर हळूच काढून घेतला, दोरी उचलली आणि रांगेतून बाहेर पडले. चाकांचा करकर आवाज तेवढा येत होता. मग मात्र माझं डोकं सटकलं. मी फुगे तिथंच टाकले आणि भावींना जे काही ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. “तुमच्या थोबाडाचं चित्र लोकांच्या लेकराच्या वस्तूवर कोण्या हक्कानं चिकटवता?” हे त्यातलं सगळ्यात सोज्वळ वाक्य. शूटिंगवाला शूटिंग करतच होता. करू दे, माझी काही हरकत नाही.

स्टेशनरीच्या दुकानावर आले तर काकाजी बाहेरच्या स्टुलावर बसलेले. नंदी पायाशी. तळहातावर स्टिकर उलटा ठेवलेला आणि त्यावर डोळ्याचा काळा-पांढरा पापुद्रा. नखानं तो सोडवायला गेले तर त्याचा भुगा होत होता. त्यांनी नख मागे घेतलं.

“गोंद काढू का, काकाजी?”

“नाही बसत हे आता.”

मी पाणी दिलं. ते त्यांनी प्यायलं नाही. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, “वंदनी तुले फोन करते न? लाव.”

हे त्यांना ठाऊक होतं तर! मला बोलायचं होतं पुष्कळ, पण मी आधी नंबर लावला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू करून फोन हातात दिला. तिनं नेहमीसारखं “हं, बोल वो ताई,” म्हटलं. ह्यांनी कशी आहेस नाही, काय करतेस नाही, एकदम तोफच डागली.

“तुह्या नंदीचा डोरा गेला.”

बाहेरून एक ट्रेलर धडधडत गेला. मला वाटलं, पोरीनं फोन ठेवला. मग तिचा आवाज आला, अगदी बारीक.

“कोणता, बाबा? मोठा का लहान?”

“मोठा,” ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, “मोठा. येऊन काढून दे. मले नाही काढता येत तुह्यासारखा.”

आणि फोन माझ्या अंगावर टाकून तोंड भिंतीकडे फिरवलं. मी फोन कानाला लावला. पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज. अलीकडे ह्यांचे खांदे हलताहेत. दोघांच्या मधे मी, आणि गिऱ्हाईक पायरीवर ताटकळलेलं. असा राग आला मला!

“वंदना,” मी ओरडले, “रडू नोको! उद्या सकाळच्या गाडीनं ये. नवऱ्यालेबी आण. ब्रश आणू नोको, माह्या दुकानात हायेत.”

भिंतीकडे तोंड करूनच काकाजी बोलले, “तिले आपला ब्रश आणाले सांग. तुह्या दुकानातल्या ब्रशचे केसं गळतेत.”