आधी चौथा भाग

शाळेच्या वाचनालयात सहा भागांची जादूची कादंबरी आली. ती कोणत्या क्रमानं वाचायची, हे वर्गाला सांगायचं काम मॅडमनी सातवीतल्या गुंजनवर सोपवलं आणि दिवाळीच्या सुटीपुरता संच तिच्या घरी दिला. शाळा उघडली की सोमवारी तिनं सगळ्यांसमोर बोलायचं होतं. तिच्या आजोबांनी, बापूरावांनी, वांग्याची गाडी भरता भरता ही बातमी अर्ध्या केळझरला ऐकवली. नातीचा त्यांना भारी अभिमान होता.

पंचाईत घरातच झाली. लेखकानं राजपुत्राचं बालपण सगळ्यात शेवटी, सहाव्या भागात लिहिलं होतं.

"सहावा आधी वाच," सावंगीहून दिवाळीला आलेली सरिताआत्या म्हणाली. "पोरगं आधी जन्मते, मंग लढते."

"मंग पुस्तकायवर आकडे कायले छापले?" गुंजनचे बाबा, बंडूजी, तडकले. "एक म्हंजे एक."

बहीणभाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले आणि गुंजनशी फारच बोलू लागले. पोरीचं एक पान वाचून होईना. शेवटी बापूरावांनी संच उचलला आणि सगळ्यांना टेकडीवरच्या गणपतीला नेलं.

"सहाही बाप्पापुढं मांडतो. फूल ज्याच्यावर पडन, तेच पह्यलं."

पुजाऱ्यानं फूल टाकलं. ते पडलं चौथ्यावर.

"पंख्याच्या हवेनं उडालं ते," बंडूजी म्हणाले.

"हवा कोनाची हाये?" बापूरावांनी विचारलं.

पण मधूनच वाचून गेली तर वर्गात पोरीचं हसं होईल, ही धास्ती दोघा बहीणभावांना होती. बंडूजींनी पहिले तीन भाग चोरून वाचून काढले आणि जेवताना दुष्ट मंत्र्याचं नाव सांगू लागले. आत्यानं सहावा संपवला आणि वेणी घालता घालता राजपुत्राचं बालपण सुरू केलं. गुंजन कानांवर हात ठेवून चौथा वाचत राहिली.

सोमवारी आत्यानं रजा वाढवली आणि बापूरावांसह तिघंही वर्गाच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"आधी चौथा भाग," गुंजन म्हणाली. वर्ग हसला. बंडूजींनी मान खाली घातली.

"काऊन पण?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

"चौथ्यात राजपुत्र सुरुवातीलेच घोड्यावरून पडते. त्याले काहीच आठवत नाई. दोस्त कोन, दुश्मन कोन, काही मालूम नाई. मले बी नव्हतं मालूम. आम्ही दोघायनं मिळून शोधलं. ज्यायनं आधीचे भाग वाचले, त्यायले सारंच मालूम राह्यते. त्यायले काय मजा येणार?"

आता कोणी हसलं नाही. "आणि त्याच्या बालपणाचा सहावा भाग?" मॅडमनी विचारलं.

"तो शेवटी. वळख झाल्यावरच मानसाले त्याचं लहानपण विचारतेत ना, मॅडम."

मॅडमनी फळ्यावर मोठा चार काढला. खिडकीबाहेर बापूरावांचे डोळे भरून आले. बंडूजी आणि सरिता मात्र एकमेकांकडे बघत राहिले. चौथ्या भागातली मजा दोघांचीही कायमची गेली होती.

"आधी कोण नेणार?" मॅडमनी विचारलं. सगळ्या वर्गाचे हात वर झाले. खिडकीतूनही एक हात आत आला.

"मी तं अजून एकबी भाग नाई वाचला," बापूराव ऐटीत म्हणाले. "पह्यला लंबर माहा."