हवा खाण्याचे अकरा नियम

जिथं माणसं सुखानं बसलेली असतात, ती जागा सरकारच्या नजरेतून सुटलेली असते. नजरेत आली की तिची बाग होते. हा सृष्टीचाच नियम म्हणायचा, आणि आमच्या गावी तो मी जवळून पाहिला, कारण तहसील कचेरीत माझ्याइतकं वळणदार अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

गावाचं नाव सांगत नाही. हिंगोलीहून औंढ्याच्या बाजूला जाताना लागतं, एवढं पुरे. (नाव न सांगितल्यामुळं आजूबाजूची चार गावं म्हणतील, हे आमच्यावरच लिहिलंय. त्यांचं काही चुकणार नाही.)

तर बाजारतळामागं एक उघडं मैदान होतं आणि त्यात एक मोठा कडुलिंब. मैदानाला कुंपण नव्हतं, फाटक नव्हतं, त्यामुळं ते वर्षानुवर्षं अत्यंत बेकायदेशीरपणे लोकांच्या उपयोगी पडत होतं. सोनाजी पाटील बाजाराच्या दिवशी तिथं बैल बांधत. पार्वतीबाई उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायच्या. थावरा लमाण दुपारच्याला शेळ्या घेऊन टेकायचा. नागनाथाला निघालेली माणसं भाकरी सोडायची आणि पाणी पिऊन पुढं जायची. कुणाला विचारावं लागत नसे, ही तर शरमेचीच गोष्ट.

सगळ्यांत मोठा गुन्हेगार म्हणजे महेबूब पिंजारी. तो लिंब त्याच्या बापानं, मकबूलनं लावलेला. दोन उन्हाळे ओढ्याचं पाणी घागरीनं आणून त्यानं तो जगवला. त्याला पुण्यबिण्य काही करायचं नव्हतं, त्याला फांदी पाहिजे होती. कापूस पिंजायचं पिंजण माणसापेक्षा लांब असतं. ते वर टांगावं लागतं, आणि पिंजाऱ्याच्या घरात ते नीट फिरतसुद्धा नाही. फांदी भरली तोवर म्हातारा गेला, आणि पिंजण टांगलं ते पोरानं. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्या फांदीखाली पिंजणाची तात वाजायची. तिच्यावर महेबूब, त्याची बायको खुर्शीदबी आणि गावातल्या झाडून सगळ्यांची झोप चालायची, कारण गाद्या सगळ्यांच्याच तिथं भरल्या जायच्या.

सन एकोणीसशे एक्केचाळीसात, म्हणजे कचेरीच्या फसली तेराशे पन्नासात, आमचे तहसीलदार साहेब महिनाभर हैदराबादेला जाऊन आले. तिथं त्यांनी बाग पाहिली. आल्याबरोबर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्या रयतेला हवा मिळत नाही. (आमच्याकडं चैत्र-वैशाखात जे तोंडावर येतं त्याला कचेरी हवा धरत नाही.) मैदानाची पाहणी झाली. दुपारच्या वेळी सरासरी सदतीस माणसं आणि एकोणीस जनावरं विश्रांती घेताना आढळली. रयतेला विश्रांतीची किती गरज आहे, त्याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता? म्हणून रयतेच्या विश्रांतीसाठी बाग करायचं ठरलं, आणि बाग करायची म्हणून विश्रांती घेणाऱ्यांना हाकलून देण्यात आलं.

तारेचं कुंपण गावकऱ्यांनीच वेठीनं घातलं. मजुरीचा प्रश्न नव्हता. बाग त्यांचीच होती ना! आत दोन बाकं आली. एक साहेबांना बसायला, आणि एक साहेबांना बघत बसायला. झेंडूची रोपं लावली, ती उन्हानं गेली. त्यांच्या जागी झेंडूची यादी लावण्यात आली. मग मी नियम लिहिले. वर उर्दूत आणि खाली मराठीत, असे:

१. बाग सर्वांस खुली आहे. फाटक बंद राहील.
२. बागेत थुंकू नये.
३. शेळ्या आणू नयेत.
४. बैल बांधू नयेत.
५. कोणताही खाद्यपदार्थ वाळत घालू नये, खाऊ नये, खाण्याच्या बेताने आणू नये.
६. झाडास काहीही टांगू नये.
७. गवतावर चालू नये. (गवत अद्याप आलेले नाही. ते जिथे येणार आहे तिथे चालू नये.)
८. बाकावर इसमाने आपल्या दर्जाप्रमाणे बसावे. दर्जा नसल्यास उभे राहावे.
९. बागेत कामधंदा करू नये. रिकामे बसलेल्या इसमास कामधंदा का नाही, याचा जाब द्यावा लागेल.
१०. हवा सकाळी सहा ते आठ खावी. उरलेल्या वेळची हवा बागेची आहे.
११. ज्यास नियम वाचता येत नाहीत त्याने आत येऊ नये. नियम आतल्या बाजूस लावले आहेत.

गावात अठराशे माणसं. त्यांतल्या एक्केचाळिसांना वाचता येत होतं, आणि त्यांतले चौतीस कचेरीत होते. नियम लोकांपर्यंत पोचावेत म्हणून पाटी चांगली दाराएवढी केली आणि लिंबाच्या भक्कम फांदीला दोन साखळ्यांनी टांगली. फांदी कोणती, ते तुम्हाला कळलंच असेल. (नियम सहाला पाटी अपवाद आहे. पाटी टांगल्याशिवाय नियम सहा लोकांना कळणार कसा?)

त्याच आठवड्यात महेबूब कचेरीच्या ओट्यावर येऊन उभा राहिला.

“मुन्शीजी, पाटीच्या बाजूला हातभर फांदी रिकामी हाये. तेवढी मला द्या. थंडी येऊन राहिली, लोकाच्या गाद्या घरात येऊन पडल्यात.”

“अर्ज कर,” मी म्हणालो.

“कशाचा?”

“फांदीचा.”

“बापानं लावलेल्या झाडाच्या फांदीचा?”

“अर्जात बापाचं नाव लिहावंच लागतं,” मी म्हणालो. “तुझं काम सोपं झालं.”

अर्ज मीच लिहून दिला. अक्षर सुरेख आलं होतं. तो अर्ज झाड म्हणून जंगलखात्याकडं गेला, कापूस उडतो म्हणून दवाखान्याकडं गेला, तात वाजते म्हणून पोलिसांकडं गेला आणि चौदा महिन्यांनी शेरा घेऊन परत आला: ‘सदर फांदी कोणत्या खात्याकडील, याचा खुलासा व्हावा.’ खुलासा करणारं खातं नव्हतं, म्हणून अर्ज फांदीसकट प्रलंबित राहिला.

तोवर महेबूब घरातच पिंजू लागला. आढ्याला दोरी बांधून पिंजण तिरपं टांगायचा आणि दार लावून घ्यायचा, नाहीतर वाऱ्यानं कापूस गल्लीत जायचा. बंद खोलीत पिंजलेला कापूस निम्मा गादीत जातो आणि निम्मा माणसात. दुसऱ्या थंडीत खुर्शीदबीला खोकला लागला. एकदा ती आमच्या घरची गादी द्यायला आली. उंबऱ्यावर बसून आधी पोटभर खोकली, मग म्हणाली, “बाग हवा खाऊन राहिली मुन्शीजी, आन आमी कापूस.” मी गादी दाबून पाहिली. उत्तम भरली होती.

तिसऱ्या वर्षी जिल्ह्याच्या बड्या साहेबांचा मुआइना, म्हणजे तपासणी, आला. रयत बागेत आनंद घेते की नाही, हे ते स्वतः बघणार होते. आता पंचाईत अशी की बागेत रयत नव्हती. तहसीलदार साहेबांनी तोड काढली. दवंडी पिटली: ‘दर घरामागं एक माणूस, न्हाऊन-धुऊन, मुआइन्याच्या दिवशी बागेत आनंद घ्यायला हजर राहावं. न आल्यास वेठीला धरलं जाईल.’ वेठ कोणती, तर हीच. पण नियमाला धरून बोलावं लागतं.

मी कामं वाटून दिली. पार्वतीबाईंना फूल हुंगायचं होतं. फूल मी घरून आणून दिलं. सोनाजी पाटलांना बाकाशेजारी प्रसन्न उभं राहायचं होतं. थावराला आभाळाकडं बघायचं होतं. महेबूबला लिंबाखाली बसून गालात हसायचं होतं.

“किती हसू?” त्यानं विचारलं.

“साहेब जाईपर्यंत.”

साहेबांची मोटार सकाळी नऊला यायची ती दुपारी दोनला आली. पाच तास महेबूब हातावर हात ठेवून हसत होता. वर फांदी, फांदीला पाटी, आणि घरी सव्वीस गाद्या. साहेब मोटारीतून उतरले नाहीत. काचेतून पाहून एवढंच म्हणाले, “बाग चांगली आहे. माणसं जरा जास्त झाली.” तेव्हापासून फाटकाला कुलूपही आलं.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. पाच दिवसांत गेलं. पाटी त्याच्यापेक्षा पक्की होती. तहसीलदार साहेबही गेले. नवी बाग कमिटी झाली, सोनाजी पाटील तिचे अध्यक्ष झाले, आणि चिटणीस मीच, कारण राज्य बदललं तरी अक्षर बदललं नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर फाटक उघडून लिंबाखाली जाहीर सभा भरली. सगळं गाव आलं. जिथं गवत येणार होतं तिथं लोक ऐसपैस बसले. महेबूब मागं फाटकाशी उभा होता. पिंजण खांद्यावर घेऊनच आला होता बिचारा! इतका भरवसा कुणी कुणावर ठेवू नये.

सोनाजी पाटील म्हणाले, “आता आपलं राज आलं. जुलमाचे सगळे नियम आज रद्द करायचे!” टाळ्या पडल्या. मी लेखणी सरसावली. पाटील म्हणाले, “पैला बैलाचा काढा.”

“बैलाचा काहून?” पार्वतीबाई उठल्या. “बैल माज्या कुरडया तुडवतेत. त्यो ऱ्हाऊ द्या. वाळवणाचा काढा.”

“वाळवण आलं की ही बाई काठी घिऊन बसती,” थावरा म्हणाला. “शेळी दिसली की हाणती. वाळवणाचा ऱ्हाऊ द्या. शेळ्याचा काढा.”

बैलांचा नियम बहुमतानं राहिला. वाळवणाचा बहुमतानं राहिला. बाकावर कुणी बसायचं याचा नियम तर चर्चेशिवाय राहिला, कारण दर्जा आता आपला होता. मग महेबूब पुढं आला.

“मला बाकी काही नको. टांगायचा तेवढा काढा. घरवालीला श्वास घेववत न्हाई. ह्या थंडीत मी घरात पिंजणार न्हाई.”

“कापूस उडतो,” एक जण म्हणाला.

“कुरडयांवर बसतो,” पार्वतीबाई म्हणाल्या. (कुरडयांना मनाई करून अजून पाच मिनिटंही झाली नव्हती.)

कापसाशिवाय दुसरं कारण कुणीही बोललं नाही. त्या वर्षी महेबूब नावाच्या माणसाला नाही म्हणायचं दुसरं कारण सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेली गोष्ट इतिवृत्तात लिहायची नसते. थावरा एकटा म्हणाला, “देऊन टाका की. फांदी त्याच्या बापाची हाये.”

एक मत तरी पडलं. माझा हात कागदावर थांबला, हे मी कबूल करतो. मी महेबूबला विचारलं, “शेळ्यांच्या नियमाबद्दल तुझं काय मत?”

थावरा आणि तो, दोघांनी कैक दुपारी त्या लिंबाखाली एका फडक्यातली भाकरी खाल्लेली. महेबूब पायाकडं बघत म्हणाला, “शेळ्या कापूस खातेत, मुन्शीजी. त्यो नियम ऱ्हाऊ द्या.”

थावरा तिथंच थुंकला. नियम दोन तोवर चर्चेला आलाही नव्हता, तो सगळ्यांनी ताबडतोब एकमतानं मंजूर केला. मग मी थावराला विचारलं, फांदीबद्दल तुझं मत कायम आहे का? तो म्हणाला, “माजं काय न्हाई.” नियम सहाही एकमतानं राहिला.

अशा रीतीनं जुलमाचे सगळे नियम जनतेनं स्वतःच्या हातांनी पुन्हा केले. पाटीवरच्या उर्दू ओळी खरवडून काढल्या, तेवढंच स्वातंत्र्य. मराठी अक्षर माझंच होतं, ते राहिलं. महेबूब पिंजण घेऊन घरी गेला आणि दार लावून पिंजू लागला.

पौषात खुर्शीदबी गेली. नियमांत त्याबद्दल काही नसल्यामुळं कमिटीला काही करता आलं नाही. चाळिसावा झाल्यावर महेबूब पिंजण खांद्यावर टाकून जवळा बाजारकडं निघून गेला. तिकडं बाजारतळाला म्हणे एक जुनी चिंच आहे, आणि तिची अजून बाग झालेली नाही. त्यानंतर आमच्या गावच्या गाद्या कुणी भरल्या नाहीत. त्या आता दगडासारख्या झाल्यात. माझीही झालीय, आणि तिच्यावर मला झोप येत नाही, हे इथं सांगून टाकतो.

बाग अजून आहे. सुबक आहे, रिकामी आहे. तुम्ही सोनाजीला हसलात, पार्वतीबाईंना हसलात, महेबूबवर जरा चिडलातसुद्धा, की खुळ्या, तुला तोंड आवरता आलं नाही? ठीक आहे. पण तुम्ही वर नियमांची यादी वाचत होतात तेव्हा माझं लक्ष तुमच्याकडं होतं. थुंकण्याच्या नियमाला तुमची मान हलली. शेळ्यांच्या नियमालाही बहुतेकांची हलली. ‘एवढं तरी बराबर आहे’ असं तुम्ही मनात म्हणालात. बराबरच आहे. त्या सभेत प्रत्येकाचं म्हणणं तेवढंच होतं, आपापल्या एका नियमापुरतं. तुमचं मत मी लिहून घेतलं आहे आणि खाली नेहमीची ओळ घातली आहे: विरोधात कोणी नाही.