श्रीमंत बयाजीरावांचे तसबिरीची हकीकत

॥ श्रीकुलस्वामिनी समर्थ ॥ लिहिणे तिचे कृपेचे, चूकभूल आमचे पदरची. शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सरी, एके दौलतीचे धनी श्रीमंत बयाजीराव यांणी आपली तसबीर काढविली. धन्यांचे वय साठीपार, पोट पुढे, मिशा पांढऱ्या. चितारी पोटार्थी, त्याणे पंचविशीचा जवान रेखिला, कंबर बारीक, मिशी काळीभोर. धनी पाहून बहुत संतोष पावले आणि बोलिले की हुबेहूब आम्हीच. दरबारानेही माना डोलाविल्या. खाल्ल्या मिठास जागणे आले. मग आज्ञा जाहली की येथून पुढे कपड्याचे माप तसबिरीचेच घ्यावे, आणि अंगरखे तैसेच शिवविले, आणि ते अंगात शिरेनात, मग शिंप्यास हद्दपार केले. हौसेस मोल नाही, दुसरे काय!

इतक्यात गनीम चालून आला. चिलखतही तसबिरीचेच मापाचे. चौघांनी ओढिले तरी छातीखाली उतरेना. धनी बोलिले, लोखंड आटले. मग तसबिरीसच चिलखत चढवून हत्तीवरी अंबारीत बसविली आणि फौज रवाना केली. फौज पळाली आणि तसबीर गनिमाचे हाती लागली. त्यांचा सरदार मोठा बेरकी. त्याणे वकील पाठवून पुसिले की तसबीर पाहिजे की गड? गडावरी किल्लेदार कुसाजी नाईक, तीन पिढ्यांची वस्ती, लेकुरेबाळे. नाइकांनी पागोटे धन्यांचे पायावरी ठेविले आणि रडो लागले. धन्यांचे कुटुंब द्वारकाबाईसाहेब रोखठोक बोलिल्या, "तसबीर दुसरी काढविता येईल. गड दुसरा कोण देतो?"

धनी बोलिले, "दुसरी इतकी हुबेहूब निघणार नाही."

आणि गड दिला. ताबा देते दिवशी धनी तसबीर घेण्यास जातीने गडावरी गेले. सरदाराने एकवार तसबिरीकडे पाहिले, एकवार धन्यांकडे, आणि पुसिले, "म्हातारबा, तुमचे धनी का न आले?" गडकरी गाठोडी डोईवर घेऊन भोवती उभे. मीच धनी, इतके बोलणे होते. परंतु तसे म्हणता तसबीर खोटी पडती. मग धन्यांनी पोट आत ओढिले आणि तसबिरीस लवून मुजरा केला आणि बोलिले, "धनी हेच. आम्ही त्यांचे चाकर." कुसाजी नाइकांनी ते ऐकिले आणि रामराम न घालिता गड उतरून गेले.

इत्यर्थ इतकाच. पुढे धनी बहुत वर्षे वाचले. गड गेल्याचे मुखातून कधी काढिले नाही. सरदार म्हातारबा म्हणाला, तेवढे मात्र मरेतो सलले.