समुद्र दिसणारी खोली

सहल आखावी तर मी! या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये सापडायचा नाही. एकतीस वर्षं मी बसची वेळापत्रकं केली. साडेचारशे बस रोज माझ्या पेन्सिलीच्या टोकावर नाचायच्या. मग एक बायको, दोन बॅगा आणि तीन दिवस, एवढं मला जमू नये?

हिलरीच्या गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत झालं. तेव्हापासून ती बिचारी एकाच खुर्चीत. समोर एकच खिडकी आणि खिडकीत शेजारच्या प्रोबर्टचं गॅरेज. एका सकाळी टोस्टला लोणी लावता लावता ती म्हणाली, "लायनेल, मला समुद्र बघायचाय. फिरायचं नाही, काही नाही. नुसतं खिडकीशी बसायचं, चहा प्यायचा आणि समुद्र बघायचा."

छत्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही. मी छाती पुढे काढली.

"झालंच म्हणून समज!"

"मी थेल्माला विचारू का? तिला त्या बाजूची घरं माहीत आहेत."

"तुझ्या बहिणीला? मागच्या वेळी तिने ठरवलं आणि आपण चार दिवस कॅरॅव्हॅनमध्ये गळक्या छपराखालच्या बादल्या उपसत बसलो! या वेळी मी बघतो."

आणि बघितलं की! ऑगस्टचा बँक हॉलिडे, म्हणजे शनिवार-रविवारला जोडून येणारी सोमवारची सुट्टी, धरला. जाहिराती चाळल्या. हॉल्मस्बी गावातलं एक घर डोळ्यांत भरलं. राहायची खोली, सकाळचा नाश्ता, आणि घराचं नाव काय? 'सी व्ह्यू'! मी लगेच फोन लावला. मिसेस थ्रिप नावाच्या मालकीणबाई बोलल्या.

"खोली समोरच्या बाजूची आहे ना?"

"समोरचीच."

"कितवा मजला? बायकोचा गुडघा दुखतो."

"पहिला. चौदा पायऱ्या."

"आणि खिडकी? मोठी आहे ना?"

"पुसता पुसता माझे हात गळून पडतात, एवढी."

आता आणखी काय विचारायचं असतं माणसाने? तुम्हीच सांगा!

शनिवारी निघालो. तीन गाड्या बदलल्या, एकही चुकली नाही. हॉल्मस्बीला उतरलो तेव्हा हवेत खारा वास होता, आणि हिलरीच्या गालावर जानेवारीपासून न दिसलेली लाली. चौदा पायऱ्या ती काठी टेकत, एकेका पायरीवर थांबत चढली. मी धावत पुढे जाऊन पडद्याला हात घातला.

"डोळे मीट!"

तिने मिटले. मी पडदा सर्रकन बाजूला केला.

"आता उघड!"

ती डोळे मोठे करून बघतच राहिली. भारावली असेल, असं समजून मीही वळून खिडकीबाहेर बघितलं.

भिंत! लाल विटांची, दोन मजली, हात लांब केला तर लागेलसं वाटावं इतकी जवळ! एका फिश अँड चिप्सच्या दुकानाची ती पाठ होती. तिच्यात एक गाडीच्या चाकाएवढा पंखा, आणि तो पंखा अख्ख्या गावाच्या तळणाचा वाफारा थेट आमच्या तोंडावर ओकत होता.

"विटा चांगल्या आहेत," हिलरी हळूच म्हणाली.

माझ्या डोक्यात किटली उकळायला लागली. मी दाणदाण खाली गेलो. मिसेस थ्रिप काचेची बरणी पुसत होत्या. बाई उंचीला माझ्या खांद्यापर्यंत, पण उभं राहणं असं की दारात आडवं कपाट ठेवलंय! पायाशी एक फुगलेला, दम लागलेला कुत्रा.

"बाई, समुद्र कुठाय?"

"होता तिथेच आहे. दुकानाच्या पलीकडे."

"पण घराचं नाव 'सी व्ह्यू' आहे!"

"मग? शेजारच्या घराचं नाव 'द ओक्स' आहे. एक तरी ओकचं झाड दिसलं का तुम्हाला? पलीकडच्याचं 'विंडसर'. तिथे राजा राहतो का? या कुत्र्याचं नाव मेजर आहे. सैन्यात नव्हता हो तो!"

"ही शुद्ध फसवणूक आहे! मी फोनवर इतके प्रश्न विचारले!"

"खिडकी केवढी ते विचारलंत. तिच्यातून काय दिसतं ते कुठे विचारलंत?"

आता हे काय उत्तर झालं? रागाने माझे कान तापले. "मी इथे एक मिनिटही राहणार नाही!"

"नका राहू. खोलीसाठी दुसरं जोडपं टपलेलंच आहे."

मी वर जाऊन बॅगा उचलल्या. हिलरी नुकतीच पलंगावर टेकली होती.

"लायनेल, मी चौदा पायऱ्या आत्ता चढून आलेय."

"मग आता चौदा उतर!"

हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हाच मला ते आवडलं नाही. पण रागाच्या भरात परत कसं घेणार? ती उठली. काठी टेकत उतरली.

समुद्राकाठच्या रस्त्यावर काचेचा एक आडोसा होता, आत बाक. तिला तिथे बॅगांसकट बसवलं आणि "दहा मिनिटांत येतो!" म्हणून खोली शोधायला निघालो.

एकोणीस घरं! एकोणीस दारं ठोठावली मी! प्रत्येक खिडकीत 'जागा नाही'ची पाटी. एका बाईंनी तर माझं ऐकून घेतलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि आत हाक मारली, "केनेथ! जरा बाहेर ये. यांना बँक हॉलिडेच्या शनिवारी खोली हवीय!" केनेथ आला. दोघं मिळून हसले. मग केनेथने आपल्या भावालाही बोलावलं.

दोन तासांनी पाय ओढत आडोशाशी परतलो. हिलरी रडत बसली असणार, असं मी धरूनच चाललो होतो. बघतो तर काय! बाई आरामात बसल्यात, हातात चहा, मांडीवर चिप्सचा पुडा, समोर हा एवढा समुद्र. आणि शेजारी कोण? मिसेस थ्रिप! मेजरला फिरवायला आल्या होत्या.

"बीट्रिसचे दोन्ही गुडघे बदललेत," हिलरी त्यांच्याकडे बोट दाखवत मला म्हणाली. "बारा वर्षं झाली. बघ कशी चालते!"

बीट्रिस! दोन तासांत बीट्रिस!

"मिस्टर गार्साइड," मिसेस थ्रिप म्हणाल्या, "तुमची खोली तर गेली. पण हिलरीची सोय तळमजल्यावर माझ्या खोलीत होईल. माझ्या बहिणीचा पलंग रिकामा आहे."

"आणि मी?"

"माळ्यावर. इस्त्रीचं टेबल सरकवलं तर झोपता येतं."

मी नकार देणार होतो. पण नकार देऊन जाणार कुठे? केनेथकडे?

सकाळी जाग आली तेव्हा इस्त्रीच्या टेबलाचा पाय माझ्या बरगडीत होता. खालून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. मग बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला. मला न सांगता दोघी फिरायला गेल्या! मी स्वतःच चहा केला, टोस्ट घेतला आणि वर आलो. तेवढ्यात छपरातल्या छोट्या खिडकीकडे लक्ष गेलं. बॅगेवर स्टूल ठेवलं, स्टुलावर चढलो, खिडकी ढकलली आणि खांद्यापर्यंत बाहेर आलो.

समुद्र! या टोकापासून त्या टोकापर्यंत! मी विजयाने टोस्टचा घास घेणार, तोच एक सीगल पक्षी विमानासारखा आला आणि टोस्ट ओढायला लागला. माझा टोस्ट! मी सोडतोय होय? त्याने हिसका दिला, मी हिसका दिला, आणि पायाखालचं स्टूल घरंगळलं. मी काखेपर्यंत खिडकीत अडकलो. वर येता येईना, खाली जाता येईना. टोस्ट गेला तो गेलाच.

"ए! कोणी आहे का?" मी ओरडलो.

खाली गल्लीत वर्तमानपत्रं टाकत चाललेल्या एका बाईने वर बघितलं आणि किंचाळली, "उडी मारू नका!"

"मी उडी मारत नाहीये! मी समुद्र बघतोय!"

"बघतोय म्हणे," कोणीतरी हळहळलं. "गेला बिचारा कामातून."

पाच मिनिटांत गल्ली भरली. "बायकोशी वाजलं असेल." "अहो, आमचंही रोज वाजतं, खाली या!" आयुष्य सुंदर आहे असं एक म्हातारा दोनदा म्हणाला, मग खोकत बसला. प्रार्थनेला निघालेले पाद्रीही थांबले आणि मला खालूनच देवाचं प्रेम समजावून सांगू लागले. मी जितकं ओरडून खुलासा करावा तितकी त्यांची मान सहानुभूतीने हलायची!

मग अग्निशमन दलाची गाडी. शिडीवरून एक धिप्पाड जवान माझ्या नाकासमोर उगवला आणि तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलला, "काय झालंय साहेब? मला सांगा."

"या घराचं नाव 'सी व्ह्यू' आहे आणि खोलीतून भिंत दिसते!"

"हो, हो. बोलत राहा साहेब. मन मोकळं करा."

एवढ्यात दोघी परतल्या. वरून मला सगळं स्पष्ट ऐकू आलं. मिसेस थ्रिपनी विचारलं, "ते तुमचेच ना?"

हिलरीने कपाळावर हात आडवा धरून बराच वेळ वर बघितलं. "इतक्या खालून नक्की सांगता येत नाही," ती म्हणाली.

शेवटी मला साबणाचं पाणी लावून, चिखलात रुतलेल्या बैलासारखं ओढून काढलं. शर्ट खिडकीतच राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाद्रींनी माझा हात सोडलाच नाही.

दुपारी मी बरगड्यांना पट्टी बांधून हिलरीशेजारी त्या काचेच्या आडोशात जाऊन बसलो. भरती चढत होती.

"काल मी पायऱ्या उतर म्हणालो," मी म्हणालो. "ते म्हणायला नको होतं."

"नको होतं," ती म्हणाली आणि आपल्या चिप्सच्या पुड्यातला सर्वांत मोठा चिप माझ्या हातावर ठेवला. सोमवारचा दिवसही आम्ही तिथेच बसून काढला. खरं सांगतो, समुद्र तिथून झकास दिसतो.

परतीच्या गाडीत हिलरी खुशीत होती. रंग तर असा उजळलेला, की गुडघा नवा आहे की सगळी बाईच नवी, कळू नये!

"पुढच्या मे महिन्याची जागा मी बीट्रिसकडे धरून ठेवलीय," ती म्हणाली.

"वा! तळमजल्यावरच ना?"

"तळमजल्यावरच. तिच्या बहिणीचा पलंग."

"पण तो तर एका माणसापुरता आहे. आपण दोघं त्याच्यावर कसे मावणार?"

हिलरीने मान वळवली आणि ती खिडकीबाहेरच्या मेंढ्या बघू लागली. पार वुल्व्हरहॅम्प्टन येईपर्यंत बघत होती. आता तुम्हीच सांगा, मी इतका साधा प्रश्न विचारला, त्याचं साधं उत्तर द्यायला काय हरकत होती?