म्हशीचा सिनेमा आणि मध्यंतर

मंदाकिनी चौगुलेने आपल्या सिनेमात मध्यंतर ठेवलं नाही, म्हणून गुरुवारी दुपारी मध्यंतर स्वतः तक्रार घेऊन तिच्या घरी आलं. सफारी घातलेलं, पोट सुटलेलं, अंगाला तळणाचा वास. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. दारात आलेल्याशी भांडायचं झालं तरी आधी पाणी द्यावंच लागतं.

"बाई, आमची जागा कुठाय?"

"नाही ठेवली. माझ्या सिनेमात एका बाईची म्हैस हरवते आणि ती शोधत फिरते. म्हैस हरवल्यावर कोण वडा खायला थांबतंय होय?"

"सगळे थांबतात. नायकाला गोळी लागली तरी थांबतात. रीत आहे."

थिएटरमालक गणपतराव मगदूम शेजारीच बसले होते. म्हशीचा सिनेमा लावायला तेवढे एकटेच तयार झाले होते आणि पहिला खेळ उद्यावर आला होता. आता तेही कच खाऊ लागले. "ह्यांची हरकत असंल तर मी पडदा उघडणार न्हाई बघा. वडेवाल्याला तोंड मला दाखवायचंय."

पण बाई हट्टी. "आधी बघा, मग हरकत घ्या," ती म्हणाली.

मध्यंतर गडबडलं. "आम्ही आलो की दिवे लागतात, गेलो की विझतात. सिनेमा असा आम्ही कधी बघितलाच नाही."

शुक्रवारी ते थिएटरात तिच्या शेजारी येऊन बसलं. सिनेमा निम्मा झाला आणि लोक सवयीने उठू लागले.

"बसा खाली!" मध्यंतर ओरडलं. "म्हैस कुठं घावलीय अजून!"

लोक बसले.

मध्यंतर इथे बसल्यामुळे जिल्ह्यात दुसरीकडे कुठेच मध्यंतर झालं नाही. सगळे सिनेमे सलग चालले, लोक कळ काढून बसले, वडे गार झाले. गणपतरावांना बाकीच्या थिएटरवाल्यांचे फोन यायचे थांबेनात.

म्हैस सापडली. दिवे लागले तेव्हा मध्यंतर रुमालाने डोळे पुसत होतं.

"मग? हरकत?" मंदाकिनीने विचारलं.

"असं एकदा बघून कसं सांगता येईल?" ते म्हणालं आणि खुर्चीत आणखी रेलून बसलं.

गणपतरावांनी फोन उचलला. "न्हाई ओ, संध्याकाळीबी न्हाई जमायचं. ते सिनेमा बघतंय."