बाबांचा दबाव

मुलीच्या घटस्फोटाची कायदेशीर बाजू मी सांभाळणार, असं मी जाहीर करून टाकलं! जाहीर म्हणजे जेवणाच्या टेबलावर, बायको आणि मुलगी एवढ्या विराट जनसमुदायासमोर. दोघींनी एकदम माना वर केल्या, तेव्हा मी घाईघाईने जोडलं, "म्हणजे, तुमची हरकत नसेल तर."

माझं सगळं आयुष्य ग्रंथालयात गेलं. 'शांतता राखा' या पाटीखाली बसून मी इतकी वर्षं काढली, की शेवटी ती पाटी वाचकांसाठी नसून माझ्यासाठीच लावली असावी, असं मला वाटू लागलं. माणसांसमोर माझी बोबडी वळते. पण पुस्तकांना मी घाबरत नाही! कौटुंबिक कायद्यावरची उशीएवढी जाड पुस्तकं आणली आणि चष्मा सरसावून बसलो.

प्रकरण साधंच होतं. परस्परसंमतीचा घटस्फोट. दोघांनी मिळून अर्ज करायचा. मग कोर्ट म्हणतं, घरी जा आणि काही महिने नीट विचार करा. तरीही विचार बदलला नाही, तर शेवटच्या तारखेला न्यायाधीश दोघांना विचारतात, हे मनापासून आहे ना? कोणाचा दबाव नाही ना? त्यांची खात्री पटली की हुकूम. नाही पटली तर पुढची तारीख!

आणि पुढची तारीख आम्हाला परवडणारी नव्हती. अर्ज होऊन ते महिने सरत आले होते, आणि शेवटच्या तारखेच्या दुसऱ्याच दिवसापासून कोर्टाला मोठी सुट्टी लागणार होती. मुलीला त्याच आठवड्यात परगावी नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं.

"बाबा, हे सगळं इथेच संपवून जायचंय मला," ती म्हणाली. "तिथून पुन्हा पुन्हा तारखांना यायची ताकद नाही राहिली."

हे ती इतक्या हळू म्हणाली, की माझा निश्चयच झाला. तिच्या उत्तरात एका अक्षराचीही चूक होऊ द्यायची नाही!

रोज सकाळी तालीम सुरू झाली. बायकोची काळी शाल पांघरून मी न्यायाधीश व्हायचो.

"तुमची संमती आहे?"

"हो."

"नुसतं हो नाही! म्हण, माझी संमती स्वेच्छेने, पूर्ण विचारांती व कोणत्याही दबावाविना दिलेली आहे. आमच्या स्वभावांतील अंतर सहजीवनास प्रतिकूल ठरले आहे."

"असं कोण बोलतं हो?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "घटस्फोट घेतेय ती, बातम्या नाही सांगत! आणि माझी शाल ठेवा जागेवर!"

मी शाल ठेवली. पण उत्तर बदललं नाही!

तारखेच्या आदल्या संध्याकाळी मुलगी सामान बांधत होती आणि फोन वाजला. जावई! कायद्याने तो अजून जावईच होता.

"बाबा, उद्या मला तिथे तोंडच फुटणार नाही. काय बोलायचं असतं?"

आता मी काय करायला हवं होतं? कायद्यापुढे दोन्ही पक्ष समान! ती शिकलेली आणि तो कोरा, हे मला न्याय्य वाटेना. मी त्यालाही तेच उत्तर शिकवलं. पोरगा हुशार. 'विचारांती'च्या आधी मी सवयीने खाकरतो, ते खाकरणंसुद्धा त्याने उचललं. न्यायाधीशाने एका पक्षाशी खाजगीत बोलू नये, असं पुस्तकात होतं, म्हणून हे मी घरात कोणाला सांगितलं नाही.

कोर्टाची खोली लहान होती. टेबलामागे न्यायाधीश बाई. मी आणि बायको मागच्या बाकावर. बाईंनी मुलीला विचारलं. मुलीने घडाघडा उत्तर दिलं. वा! मग त्यांनी जावयाला विचारलं.

"माझी संमती स्वेच्छेने, अहं अहं, पूर्ण विचारांती..."

बाईंनी चष्मा काढला.

"...सहजीवनास प्रतिकूल ठरले आहे," जावयाने विजयी मुद्रेने संपवलं.

"अक्षर न् अक्षर सारखं!" बाई म्हणाल्या. "अहो, तुमचं दोघांचं इतकं एकमत आहे, तर घटस्फोट कशाला घेताय?"

खोलीत खसखस पिकली. मुलगी जावयाकडे अशी बघत होती, की माझं पाणी पाणी झालं.

"आणि मागच्या बाकावरचे ते आजोबा कोण? तेही मघापासून हेच बोलतायत!"

बायकोने मला कोपर मारलं, तेव्हा मला कळलं की माझे ओठ हलत होते.

"माझे बाबा," मुलगी म्हणाली.

"बाबाच ते," जावईही म्हणाला.

"हे पाठ कोणी करून घेतलं?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "संमती मनातली आहे की पढवलेली, हे मला कळायला हवं. समुपदेशकांकडे जा. कोर्ट उठायच्या आत त्यांचा अहवाल आला तर ठीक. नाहीतर सुट्टीनंतर बघू. आणि त्या आजोबांनाही न्या!"

बाहेर येताच मुलगी कडाडली. "बाबा, तुम्ही ह्यालाही शिकवलंत?"

"त्यानेच फोन केला गं..."

"आणि तू कशाला शिकलास?"

"तूही शिकतेयस, हे मला काय स्वप्न पडणार?"

"भांडण आत करायचं," शिपाई म्हणाला. "इथे बाहेर नुसतं थांबायचं."

आम्ही नुसते थांबलो. आत आधीचं एक जोडपं होतं आणि ते काही बाहेर येईना. मी मात्र मनाशी ठरवून टाकलं. आत जाऊन ठणकावून सांगायचं, दबाव वगैरे काही नाही! वाक्य तयार केलं, चार वेळा घोकलं.

समुपदेशक बाई चहा पीत होत्या. "आजोबा, आधी तुम्ही. मुलीवर दबाव टाकलात का?"

माझं वाक्य पळून गेलं.

"आपल्याला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला नका विचारू."

"बरं. नाही विचारत."

"म्हणजे टाकलात?"

"आता आपण म्हणताच आहात, तर..."

"बाबा!" मुलगी किंचाळली. "अहो बाई, हे कसला दबाव टाकतात! ह्यांना रिक्षावाल्याला 'थांब' म्हणता येत नाही! आमचं घर मागे जातं, चौक मागे जातो, रिक्षा आपण होऊन थांबेल तिथून आम्ही चालत परत येतो!"

"न्हाव्याने एकदा चुकून ह्यांची अर्धी मिशी उडवली," जावई म्हणाला. "तर हे म्हणाले, छान झालं, राहिलेलीही काढा!"

"आणि लग्नाला होकार देताना ह्यांनी नुसती मान हलवली होती," बायको म्हणाली. "ती नक्की कुठल्या दिशेने हलवली, याची मला अजून खात्री नाही!"

समुपदेशक बाईंना ठसका लागला. कप खाली ठेवून त्यांनी डोळे पुसले आणि मग त्या दोघांकडे वळल्या. "आता पुस्तक नको. तुमच्या शब्दांत सांगा."

मुलगी म्हणाली, "हा वाईट नाही. पण घरी हा आहे हे माहीत असलं, की मी ऑफिसात उगाच बसून राहायची. निवलेला चहा पीत."

जावयाने मान वर केली. "मी जिन्यात बसायचो," तो म्हणाला. "किल्ली हातात असायची. दार उघडावंसं वाटायचं नाही."

"कधी सांगितलं नाहीस."

"तूही नाही."

दोघंही किंचित हसली. माझ्या त्या उशीएवढ्या पुस्तकांत असलं एकही वाक्य नव्हतं. समुपदेशक बाई आणखी काही न विचारता लिहायला लागल्या.

कोर्ट उठायच्या बेतात होतं. न्यायाधीश बाईंनी अहवाल मोठ्याने वाचला. "संमती खरी आहे. वडिलांची समक्ष भेट घेतली. दबाव टाकणे त्यांच्या आवाक्यातले दिसत नाही." मग त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून नीट पाहिलं.

"मान्य!" त्या म्हणाल्या आणि सही केली.

सुटली पोर! बाहेर तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. जावई वाकून नमस्कार करून गेला. सगळं कसं गोड झालं. पण ते वाक्य मला टोचत राहिलं. आवाक्यातले दिसत नाही? कोर्टाच्या दप्तरी? कायमचं? नाही! आयुष्यात एकदा तरी ठाम उभं राहायचं! मी तरातरा कारकुनाच्या खिडकीशी गेलो आणि काचेवर टकटक केली.

"काय हवंय, आजोबा?" तो खेकसला.

"काही नाही," मी म्हणालो. "किती वाजले, तेवढं विचारायचं होतं."

घड्याळ त्याच्या डोक्यावरच होतं.