तीन तास घासलेला बंब

"बंब घरातून हलणार नाही," वनमाला म्हणाली.

हे ती तिसऱ्यांदा म्हणाली होती आणि दर वेळी हातातलं भांडं थोडं अधिक जोरात खाली ठेवत होती. पहिल्यांदा वाटी. मग तांब्या. आता पातेलं.

शिवदास घाडी दारात उभा होता. हातात अडकित्ता. हा अडकित्ता त्याने जुन्या बाजारातून 'पेशवेकालीन' म्हणून तीनशे रुपयांना आणला होता, आणि त्याच्या दांड्यावर आतून 'स्टेनलेस' असं उठवलेलं वनमालाने पाहिल्या पाहिल्या दाखवलं होतं. त्यातून ते तीनशे त्याचे नव्हते. टीव्हीवाल्यांचे होते.

'दामदुप्पट' हा टीव्हीवरचा नवा कार्यक्रम. स्पर्धकाला तीनशे रुपये द्यायचे. त्यात त्याने एक जुनी वस्तू विकत घ्यायची, गोरेगावच्या स्टुडिओत तीन गिऱ्हाइकांसमोर मांडायची आणि विकायची. ज्याला जास्त नफा, त्याला गिझर. शिवदासचं नाव चिठ्ठीतून निघालं होतं. गिरणी बंद पडल्यापासून तो अंधेरीला औषधाच्या कंपनीत खोकी चिकटवत होता. चार वर्षांत त्याचं नाव कशातून निघालं असेल तर ते एवढंच. त्याने गावी चौदा पोस्टकार्डं टाकली होती.

"हा अडकित्ता घेऊन गेलो तर लोक तोंडात शेण घालतील."

"मग घालू देत. मी शेण आणून देते."

"अगं, बंबात तू कांदे ठेवतेस."

"माझा बंब, माझे कांदे."

बंब गॅलरीत होता. तांब्याचा, कमरेएवढा, मधोमध धुराची नळी, खाली जाळ घालायची जागा, पुढे पितळी चावी. धुराने काळाकुट्ट झालेला. वनमालाच्या आईने तो तिला दिला, असं वनमाला म्हणायची. आईने तो आपल्याला कबूल केला होता, असं तिचा भाऊ धोंडू म्हणायचा. यावरून धोंडूने एकोणीस वर्षं मानखुर्दहून जोगेश्वरीला पाऊल टाकलं नव्हतं. बंब जोपर्यंत या गॅलरीत होता तोपर्यंत वनमाला खरी होती आणि धोंडू खोटा. तो गेला की सगळंच गेलं.

"विकायचा नाहीच आहे," शिवदास म्हणाला. "नुसता न्यायचा, दाखवायचा, आणायचा. मी किंमत सांगतो पाच हजार. पाच हजारात फ्रिज येतो. बंब कोण घेतो? हसतील दोन मिनिटं, आपण घरी."

"आणि कोणी घेतला तर?"

"एवढा येडा मुंबईत राहतो कशाला?"

वनमालाने पातेलं उचललं आणि या वेळी हळूच खाली ठेवलं. मग म्हणाली, "धोंडूकडे टीव्ही आहे का हो?"

"आहे. ब्लॅक अँड व्हाइट."

"बघेल ना तो?"

तिथे सगळं ठरलं.

पावती (टीव्हीवाल्यांना दाखवायला)

मी, सौ. वनमाला शिवदास घाडी, राहणार जोगेश्वरी पूर्व, माझ्या मालकीचा तांब्याचा बंब नग एक, श्री. शिवदास घाडी यांना रोख रुपये तीनशेला विकला. तक्रार नाही.

(सही)

(सहीखाली पेन्सिलीने: हे सगळं खोटं आहे. शिवदासने ते खोडरबराने पुसलं. तिने पुन्हा लिहिलं. त्याने पुन्हा पुसलं. कागद तिथे पातळ झाला.)

रेकॉर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी शिवदास कामावरून आला तर गॅलरीत उजेड. त्याला वाटलं, बल्ब बदलला. बल्ब तोच होता. बंब बदलला होता.

चिंच, मीठ, राख. तीन तास. तांबं असं चमकत होतं की त्यात शिवदासला स्वतःचं उघडं तोंड दिसलं.

"हे काय केलंस?"

"घासला."

"अगं, जुन्या वस्तू तशाच न्यायच्या असतात. काळ्या. त्यालाच तर किंमत."

"अख्खा महाराष्ट्र बघणार. माझ्या आईचा बंब काळा दाखवू? धोंडूची बायको म्हणेल, नेला तर नेला, घासला पण नाही कधी. आणि विकायचा नाहीय ना? मग तुम्हाला किमतीशी काय करायचंय?"

शिवदास चिडला आणि न जेवता झोपला. तीही न जेवता झोपली, पण जास्त रागाने.

स्टुडिओ.

दिवे एवढे की बंबाकडे बघवेना. तज्ज्ञ होते प्राध्यापक मार्तंड केळुसकर. खादीचा झब्बा, दोरीला बांधलेला चष्मा. त्यांनी बंबाभोवती अर्धी फेरी मारली. उरलेली अर्धी मारण्याचे कष्ट घेतले नाहीत.

"नवीन आहे," ते म्हणाले. "दोन वर्षांपेक्षा जुना नाही. हॉटेलवाल्यांसाठी हल्ली अशा नकला निघतात. किंमत काय म्हणालात?"

"पाच हजार," शिवदास म्हणाला.

प्रेक्षक हसले. तिघं गिऱ्हाइकं हसली. त्यातले चंद्रप्रकाश शेट, जे अंधेरीला 'गावाकडच्या पद्धतीचं' हॉटेल काढत होते, ते डोळे पुसत हसले. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. शिवदासने बंबाच्या कड्यांना हात घातला. आता उचलायचा आणि घरी.

तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "नक्कल कोणाला म्हणता?"

शिवदासने हात कड्यावरच ठेवून डोळे मिटले.

वनमाला पुढे आली. कॅमेऱ्याच्या वायरीत पाय अडकला, तो तिने झटकला. वायर धरलेला माणूस धपकन खाली बसला.

"प्राध्यापक ना तुम्ही? मग अर्धाच बघून बोलता? मागे या. या ना. हा पोचा दिसतो? देवगडच्या धक्क्यावर बोटीतून उतरवताना पडला. माझा बाप अंगावर घेणार होता, आई म्हणाली तुम्ही हला, बंब पडू दे. मग बंब पण पडला आणि बाप पण पडला. हा सांधा बघा. तांबटाने जोड दिलाय, हाताने. मशीन असा वाकडा जोड देईल?"

"बाई, चकाकी बघता..."

"चकाकी माझी आहे. तीन तास घासलाय. तुमच्या घरी भांडी घासत नाहीत काय?"

प्रेक्षक टाळ्या वाजवू लागले. दुर्दैवाने, त्यामुळे तिला हुरूप आला. तिने बाही वर केली. दंडावर जुना, अर्धगोल डाग होता. "पाच वर्षांची होते. या नळीवर भाजले." तिने दंड नळीच्या काठाला लावला. डाग काठाशी तंतोतंत जुळला. "आता सांगा, हा हात पण दोन वर्षांपूर्वीचा काय?"

प्राध्यापकांनी चष्मा काढला, घातला, काढला. "पन्नासेक वर्षं असू शकेल," ते पुटपुटले.

"असू शकेल नाही. आहे म्हणा."

"आहे."

"घेतला," चंद्रप्रकाश शेट म्हणाले. "पाच हजार. असा पीस मला दुसरा कुठे मिळणार?"

वनमालाचा दंड अजून नळीवर होता. तिने शिवदासकडे बघितलं. शिवदास छताकडे बघत होता.

स्पर्धेच्या फॉर्मवर नियम चौथा असा होता: सांगितलेली किंमत गिऱ्हाइकाने मान्य केल्यास वस्तू द्यावीच लागेल. खाली शिवदासची सही होती. त्याने फॉर्म वाचला नव्हता. पोस्टकार्डं लिहीत होता.

पुढचे तीन आठवडे घरात दोनच वाक्यं बोलली गेली. "पानं घेतलीत" आणि "त्या नोटांना हात लावलात तर बघा." पाच हजार रुपये तांदळाच्या डब्यात होते, तांदळाखाली. गिझर खोक्यात होता. मोरीची भिंत प्लायवूडची, तिच्यावर साबणदाणीसुद्धा टिकत नव्हती.

एकाच गोष्टीची तिला आशा होती. बंब गेला तर गेला, पण तो खरा होता हे टीव्हीवरून सगळ्यांना कळेल. धोंडूला कळेल. मग शनिवारी कार्यक्रम लागला. मजल्यावरची अठरा माणसं त्यांच्या खोलीत बसली होती.

जे दिसलं ते असं:

बंब.
प्राध्यापक: "नवीन आहे. दोन वर्षांपेक्षा जुना नाही."
शिवदास: "पाच हजार."
हशा.
चंद्रप्रकाश शेट: "घेतला."
शिवदास छताकडे बघतो.
गिझरची जाहिरात.

वनमाला नव्हती. पोचा, सांधा, दंड, काही नव्हतं. आपलं मागे घेतलेलं मत दाखवलं तर स्टुडिओत पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असं प्राध्यापकांनी टीव्हीवाल्यांना कळवलं होतं.

"काय टोपी घातलीस यार," शेजारच्या राजारामने शिवदासच्या पाठीवर थाप मारली. "डुप्लिकेट माल, पाच हजार. झकास."

शिवदासला हसू आवरलं नाही. चार वर्षांत कोणी त्याच्या पाठीवर थाप मारली नव्हती. मग त्याने बायकोकडे बघितलं आणि हसू आवरलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी दारात धोंडू. एकोणीस वर्षांनी. हातात सुरमई.

"बाय गो," तो म्हणाला. "काल टीव्ही बघितलंय. आवशीन तुका पण डुप्लिकेटच दिल्यान. दोन वर्सांचो की वीस, नकली तो नकलीच. आणि मी येडो, इतकी वर्सां उगाच तुझ्यार राग धरून रवलंय."

वनमालाने तोंड उघडलं. शिवदासने मागून तिचा पदर ओढला. तिने तोंड मिटलं आणि सुरमई घेतली. सुरमईचे तुकडे त्या दिवशी जरा बारीकच झाले.

धोंडू जेवायला बसला. पहिला घास तोंडात गेला असेल नसेल, तोच खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. दोन हमालांच्या खांद्यावर बंब वर आला. मागे चंद्रप्रकाश शेट, लालबुंद.

"माल परत घ्या, पैसे परत द्या. काल रात्रीपासून येईल ते गिऱ्हाईक बंबावर टिचकी मारतं आणि हसतं. वेटर हसतात."

"पण तुम्ही होतात तिथे," वनमाला म्हणाली. "सगळं तुमच्यासमोर झालं."

"होतो ना. मी पाहिलं. पण टीव्हीवर नाही, तर माझा पार्टनर म्हणतो झालंच नाही. त्याला वाटतं, पैसे मी खाल्ले. म्हणून मला लिहून पाहिजे. बंब डुप्लिकेट आहे, खाली सही. त्याला दाखवतो, विषय संपला."

"खरा आहे तो."

"मला माहीत आहे खरा आहे. लिहून द्या खोटा आहे. नाहीतर नेतो परत."

शिवदासने पेन पुढे केलं. तिने ते कोयत्यासारखं धरलं. गॅलरीत राजाराम आणि आणखी नऊ-दहा जण. आत धोंडू, ताटावर, कौतुकाने मान हलवत: "लिव गो, लिव. त्यात लाजण्यासारख्या काय असा? सगळ्यांनी बघितला टीव्हीवर."

वनमालाने लिहिलं. *सदर बंब नकली आहे.* 'नकली'वर कागद फाटला. सही केली. तांदळात कोपरापर्यंत हात घालून पाच हजार काढून दिले. हमालांनी बंब गॅलरीत ठेवला, जिथे होता तिथे. टेम्पो गेला. गर्दी पांगली.

धोंडू भाताचं आळं करून त्यात आमटी घेत होता. "आता असो ना का डुप्लिकेट," तो मायेने म्हणाला. "दिसता बरो. कोण मागूचा नाय तुझ्याकडे. मी तर नायच नाय."

वनमालाने दार लावलं. कडी घातली. खिडकीही लावली. मग भावासमोर पाट घेऊन बसली आणि त्याच्या ताटात सुरमईचा आणखी एक तुकडा वाढला.

"पोटभर जेव, धोंडू," ती म्हणाली. "मग आपल्याला भांडायचंय."